लोकायचा भाव

भाडेकरू म्हणून राहिलेला बाराका आमच्या घरातून गेला तो शुक्रवार होता. सकाळी त्याने खोली झाडली, कुलूपकिल्ली आईच्या हातात दिली, सायकलरिक्षात ट्रंक ठेवली आणि तो वसतिगृहाकडे गेला. बाबा ऑफिसला निघून गेले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या दिवसापासून बाबांनी अमरावतीची गोष्ट सांगणं बंद केलं.

ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की तिच्यातलं कुठलं वाक्य कुठे येणार हे आम्हा भावंडांना पाठ होतं. बाबा बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातले, घराण्यातले पहिले मॅट्रिक. अमरावतीला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली आणि ते खोली शोधायला निघाले. खोल्या रिकाम्या असायच्या. मालक बसायला सांगायचे, कधी चहाही विचारायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. अकरा दिवस ते ऑफिसातल्या एका चपराश्याच्या ओट्यावर झोपले. बाराव्या दिवशी एका मालकाने गोठ्यामागची खोली द्यायचं कबूल केलं, पण शेजारच्या खोलीहून दहा रुपये जास्त सांगितले. बाबा म्हणाले, "मले बी शेजारचाच भाव लावा ना, मालक." मालक तळहातावर तंबाखू मळत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "तुले खोली देली हेच लय समज." बाबा तिथे सहा वर्षं राहिले. माझा जन्म त्याच खोलीतला. ही गोष्ट सांगताना बाबा रिकाम्या तळहातावर अंगठा घासायचे आणि मालकाचा घोगरा आवाज काढायचे, आम्ही पोरं हसायचो. आई हसत नसे. ती का हसत नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अकोल्याला बदली झाल्यावर बाबांनी कर्ज काढून घर बांधलं. कृषी विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि त्यांवर रानबाभळी वाढलेल्या. घर मागे, पुढे ओटा, आणि ओट्याच्या दोन्ही बाजूंना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या. दूरच्या कापसाच्या जिनिंगचा आवाज हिवाळाभर यायचा. तो इतका सतत असायचा की थांबला तरच ऐकू यायचा. सकाळी आई भाकरी थापायची, ती थाप पुढच्या खोल्यांपर्यंत जायची, आणि डाव्या खोलीतला विलास त्या थापेवर उठायचा. विलास बार्शीटाकळीकडचाच, बाबांच्या मावसभावाचा मुलगा, कॉलेजात शिकायला आलेला. अभ्यास सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर त्याला बोलता यायचं. "काकू, तुमच्या भाकरीचा आवाज आला का माही झोप मोडते बाप्पा," तो ओट्यावरून ओरडायचा. आई आतून म्हणायची, "मंग आवाज ऐकूनच पोट भर." आणि त्याच्यासाठी एक भाकर जास्त टाकायची.

उजवी खोली बाराकाने घेतली. तो टांझानियातून शेतीशास्त्र शिकायला आला होता. वसतिगृहात त्या वर्षी जागा नव्हती, म्हणून तो शहरभर खोली शोधत फिरला होता. किती दिवस, ते त्याने नंतर मला सांगितलं. अकरापेक्षा जास्त होते. तो फाटकातून वाकून आत आला, कारण आमच्या फाटकावरची जाईची कमान त्याच्या कपाळाला लागत होती. बाबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, देशाचं नाव विचारलं, आणि मग ऑफिसातल्या इंग्रजीत भाडं सांगितलं, एकशे वीस. बाराकाने लगेच होकार दिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मी दुसरीकडे पाहिलं.

तो गेल्यावर आई बाहेर आली. "काहून हो, इलासचे तं साठ हायेत."

"इलास आपला हाय."

"खोल्या तं सारख्याच हायेत ना."

"तो परदेशी हाय व. त्याले सरकारची स्कॉलरशिप भेटते. तिकडं कोपऱ्यावर त्याले दीडशे सांगितले होते, न देली बी नाही. कोनीच देऊन नाही राहिलं त्याले."

"म्हनून तं इचारून राहिली," आई म्हणाली, आणि आत गेली.

बाबा वाईट नव्हते. हे वाक्य मी बराच वेळ खोडत होते, पण ते राहू द्यावं असं आता वाटतं. त्यांनी ऑफिसात कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. घराचं कर्ज होतं, आम्ही तीन भावंडं शिकत होतो. आणि ज्याच्याकडे खोली आहे त्याने भाव सांगायचा आणि ज्याला नड आहे त्याने तो द्यायचा, एवढंच त्यांना अमरावतीत शिकायला मिळालं होतं. आता खोली त्यांच्याकडे होती.

आईने तिच्या परीने हिशेब वेगळा मांडला. भाडं बाबांचं, पण चूल तिची. आमच्याकडे जेवणाचे पैसे घेत नाहीत. घरात शिजलेलं विकायचं नसतं, असं ती म्हणायची. बाराका पहिल्याच आठवड्यात पैसे घेऊन आला तेव्हा तिने त्याला असं काही झापलं की त्याला एक शब्द न कळूनही सगळं कळलं. त्याचं नाव ती 'बारका' असं घ्यायची, आणि साडेसहा फुटाच्या माणसाला गल्लीत बारका म्हणून हाक मारली जायची, यात तिला काही गैर वाटत नसे. तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून खातात, असं त्याने हातवारे करून सांगितल्यावर तिने ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून तसाच गोळा केला आणि अंबाडीच्या भाजीबरोबर त्याच्यापुढे ठेवला. त्याने बोटांनी तुकडा तोडला, अंगठ्याने त्यात खळगा केला, भाजी उचलली आणि खाल्ली. मग तो हळूहळू चावत राहिला. आईने विचारलं, "तिखट झाली का?" त्याने मान हलवली आणि पुन्हा ताट पुढे केलं.

आई त्याला पितळी कडीच्या डब्यात भाजी द्यायची. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्याला विलासने शिकवलं. तेव्हापासून डबा परत यायचा तो कधी मूठभर शेंगदाणे घेऊन, कधी साखर, आणि एकदा तर काहीच नव्हतं म्हणून ओट्याशेजारच्या गुलबक्षीची पाच फुलं घेऊन. आईने ती फुलं दिवसभर पाण्यात ठेवली आणि म्हणाली, "याले कोनं तरी चांगलं वळन लावलं हाय."

मी त्या वर्षी बारावीला होते आणि इंग्रजी बोलायचा सराव हवा म्हणून त्याच्याशी बोलायची परवानगी मला मिळाली होती, ओट्यावर, आईच्या नजरेसमोर. मी त्याला मराठी शिकवायची. चहाला त्यांच्याकडेही चायच म्हणतात आणि पोळीला चपाती, हे कळलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. दुकान तिकडे दुका होतं, गाडी गारी. मग रविवारच्या बाजारात आई, मी आणि तो असे जाऊ लागलो. लोक वळून पाहायचे. बाजारात त्याला प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव होता. न्हाव्याकडे, पंक्चरवाल्याकडे, केळीच्या गाडीवर, सगळीकडे. तो तक्रार करत नसे. पण एक गोष्ट त्याला लागायची. भाजी तोलून झाल्यावर आमच्या पिशवीत बाई वरून चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकायची. त्याच्या पिशवीत कधीच टाकत नसे. "आमच्याकडेही वरून टाकतात," त्याने मला सांगितलं. "त्याला न्योंगेझा म्हणतात. ते विकत मिळत नाही."

मग मी त्याच्यासाठी भांडू लागले. घरात मी कुणापुढे तोंड उघडत नसे, पुस्तकातून डोकं वर काढत नसे, पण बाजारात माझ्या अंगात काहीतरी यायचं.

"काहून व मावशी, आमाले आठ आने पाव, न याले रुपया?"

"अव, केवढा उंच हाय तो! खाऊनच झाला ना एवढा?"

"त्याचं पोट उंच हाय का? त्याले बी आमचाच भाव लाव."

मावशी हसायची, बाजूच्या बाया हसायच्या, बाराकाही हसायचा, आणि रुपयाचे आठ आणे व्हायचे. मी घरी येताना ताठ चालायची. आई मागून, खाली पाहत चालायची. मी त्याला एक वाक्य घोटून घोटून शिकवलं, म्हणजे मी नसले तरी त्याचं अडू नये. 'मले बी लोकायचा भाव लावा.' लोकांना जो भाव, तोच मला. तो ते इतक्या गोड हेल काढून म्हणायचा की कोथिंबीरही मिळू लागली. पहिल्यांदा मिळाली त्या दिवशी तो पिशवी उघडी धरून चालत आला होता, आईला दाखवायला.

उन्हाळ्याच्या आधी कधीतरी, मी ओट्यावर तांदूळ निवडत असताना, त्याने मला विचारलं, विलास किती भाडं देतो? त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. घरी वडिलांना पत्र लिहीत होता, इथे काय महाग, काय स्वस्त, असं. मी सुपातला एक खडा उचलला, तो टाकला, आणि म्हणाले, "तुझ्याइतकंच." त्याने ते पत्रात लिहिलं. मी लिहिताना पाहिलं.

आज विचार करते की खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं. कदाचित तो बाबांशी एकांतात बोलला असता, आणि एकांतात बाबा ऐकणारे माणूस होते. पण मला वडिलांना खाली पाहायला लावायचं नव्हतं. दोन माणसांपैकी एकाचा मान राखायचा होता, आणि मी आपल्या माणसाचा राखला. बाजारातली मावशीही दुसरं काय करत होती?

तो सोमवार होता, महिन्याची सुरुवात. बाबांचे ऑफिसातले दोघे संध्याकाळी चहाला आले होते. ओट्यावर खुर्च्या होत्या, वरूडहून आलेली संत्री परातीत होती, आणि बाराका पायरीवर बसून सायकलची साखळी पुसत होता. विलास भाडं घेऊन आला आणि पाहुणे बसलेले बघून त्याला सवयीप्रमाणे चेव आला.

"काका, या महिन्यात साठाचे पन्नास करा ना. गरीब पोट्टा हावो."

"गरीब? काल सिनेमाले कोन गेलं होतं बे?"

"ते तं दोस्तानं नेलं. घ्या ना काका पन्नास. खोली बी तं माह्यासारखीच बारीक हाय."

पाहुणे हसले. बाराकाचा साखळी पुसणारा हात थांबला. साठ आणि पन्नास हे आकडे मी त्याला शिकवले होते, माझ्याच आवाजात, वांग्याच्या ढिगासमोर उभं करून. त्याने विलासच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी संत्रं सोलत होते. तो उठला, हात पँटला पुसले, आणि बाबांसमोर येऊन तेच वाक्य म्हणाला, बाजारातला तोच हेल काढून, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, जणू हे चुकून झालेलं आहे आणि हसून सुटणार आहे.

"काका, मले बी लोकायचा भाव लावा."

पाहुण्यांना ते फार आवडलं. एकाने मांडीवर थाप मारली. "वा रे वा! हा तं पक्का अकोल्याचा झाला! काय हो, किती घेता त्याच्याकडून?"

बाबांच्या कपाळावरची शीर मला दिसली. ते पाहुण्यांकडे पाहत नव्हते, बाराकाकडेही नाही. खाली परातीकडे पाहत ते म्हणाले, "तुले खोली देली हेच लय समज."

दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, कपांत चहा न ओतता ती आत गेली. पाहुण्यांना त्या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी ते आधी ऐकलेलं नव्हतं. बाराकाने मान लववली, आपल्याकडे मोठ्यांपुढे लववतात तशी, आणि खोलीत जाऊन दार आवाज न करता लावलं. पाहुणे संत्री खाऊन गेले. बाबा अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून होते. जेवायला या म्हणून सांगायला मी गेले तेव्हा त्यांचा डावा तळहात उघडा होता आणि उजवा अंगठा त्यावर फिरत होता. मी पाहतेय हे कळल्यावर त्यांनी मूठ मिटली.

आत आई म्हणाली, "अमरावतीच्या मालकाचा आवाज आला मले." ती बाबांना उद्देशून बोलली, पण त्यांच्याकडे पाहून नाही. त्या रात्री कुणी वाढून घेतलं नाही. पुढचे तीन दिवस बाराका पहाटेच जायचा आणि दिवे लागल्यावर यायचा. गुरुवारी त्याने त्या महिन्याचं भाडं आणून दिलं, पूर्ण एकशे वीस. बाबांनी साठ परत पुढे केले. त्याने ते पाहिलेच नाहीत असं दाखवलं. वसतिगृहात जागा झाली आहे, असं तो इंग्रजीत म्हणाला. त्यानंतर तो आमच्याशी मराठीत बोलला नाही.

तो गेल्यावर आठवडाभराने आईने पुन्हा ज्वारीचं पीठ घोटलं, अंबाडीची भाजी केली, डबा कडी लावून माझ्या हातात दिला. बाबांनी परातीतली चार संत्री निवडून पिशवीत घातली. निवडताना प्रत्येक उलटंपालटं करून पाहिलं. मी सायकलवर गेले. वसतिगृहाच्या फाटकाशी कडुनिंबाखाली तो आला, डबा घेतला, आईची तब्येत विचारली. मग इंग्रजीतच म्हणाला, "तुला माहीत होतं."

मी हो म्हणाले.

"बाजारात तू माझ्यासाठी किती भांडायचीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला रडता आलं असतं. तो एखादी न समजलेली गोष्ट पुन्हा वाचावी तसा माझ्याकडे बघत होता. "आठ आण्यांसाठी," तो म्हणाला, आणि आत गेला.

डबा दोन दिवसांनी विलासच्या हाती परत आला. घासूनपुसून लख्ख केलेला. आईने कडी काढली. आत दहा रुपयांची एक नोट होती, नीट चार घड्या घालून. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे तो विसरला नव्हता. आई डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. "माह्या हातचं इकत घेतलं त्यानं," एवढंच ती म्हणाली. ती नोट तिने पौर्णिमेला विहारातल्या पेटीत टाकली, आणि त्या दिवशी वंदनेला बाबाही बसले होते.

त्याच महिन्यात बाबांनी रंगाचा लहान डबा आणला आणि ओट्याच्या भिंतीवर, मीटरच्या खाली, स्वतःच्या कारकुनी अक्षरात लिहिलं: दोन्ही खोल्यांचे भाडे सारखे. त्यापुढे आकडा. पुढे आकडा बदलत गेला, पहिलं वाक्य तेच राहिलं. लोक हसायचे, हे काय भिंतीवर लिहायचं असतं का. नंतर आमच्याकडे सगळ्या तऱ्हेचे भाडेकरू आले. बाबांनी कुणाला आडनाव विचारलेलं मला आठवत नाही. पण बाराकाबद्दल ते चाळीस वर्षांत एक शब्द बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

शेवटची दोन वर्षं बाबा माझ्याकडे अमरावतीला होते. माझी भाची परदेशात शिकते. एका रविवारी ती फोनवर सांगत होती की तिच्याच मजल्यावर तशीच खोली असलेल्या तिथल्या मुलीपेक्षा घरमालक हिच्याकडून बरंच जास्त भाडं घेतो, भाजीवालाही वेगळाच भाव सांगतो. बाबांना ऐकू कमी यायचं, पण हे आलं. त्यांनी फोन मागितला.

"मंग तू काय म्हनलं त्याले?"

"काय म्हणणार आजोबा? खोली मिळाली हेच खूप आहे."

बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "त्या पोराले मी बोललो होतो, ते तुले याद हाय का?" मी म्हणाले, "हाय, बाबा. न मी त्याच्याशी खोटं बोलली होती." त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात आपल्या हातात घेतला. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावर सरकला आणि थांबला. आम्ही तसेच बसलो. त्याबद्दल पुन्हा बोलायची संधी आली नाही.

बाबांना जाऊन पाच महिने झाले. आई त्यांच्या नऊ वर्षं आधी गेली. बाराकाचा पत्ता मी तेव्हा घेतला नाही, त्यामुळे तो आहे की नाही हे मला माहीत नाही. अकोल्याचं घर धाकट्या भावाकडे आहे. दोन्ही खोल्यांत भाडेकरू आहेत आणि भिंतीवरचं वाक्य रंगकाम करताना तो सोडून देतो. डबा माझ्याकडे आहे. त्यातून मी अजून शेजारी भाजी देते, आणि देताना रिकामाच परत आणा म्हणून सांगते.